दुभत्या गाईच्या लाथा आणि रामशास्त्र्यांचं पुणं सोडणं

पोस्ट लांबली आहे. वेळ असेल तेव्हाच वाचा, पण अर्धी वाचून सोडू नका. माझा मुद्दा शेवटाकडं आहे आणि तो माझ्यावरच उलटणारा आहे.

गावच्या जत्रेला भाचा आला होता. पुण्यात आयटीत असतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आणि रात्री जागून फुकट करायचं काम वेगळं, असं त्याचं चालतं. या फुकटच्या कामाला ओपन सोर्स म्हणतात. म्हणजे असं सॉफ्टवेअर, ज्याचा कोड सगळ्यांना उघडा असतो. कुणीही वाचावा, चूक सापडली तर दुरुस्त करावी, आपल्या कामाला वापरावा. आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात जे लिनक्स आहे, ते असंच जगभरच्या हजारो लोकांनी मिळून लिहिलेलं आहे. काही पगारी, काही बिनपगारी. बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलेलं नसतं.

मी पत्रकार. मला सॉफ्टवेअरपेक्षा भांडणात रस. विचारलं, "एवढी माणसं, मालक कुणी नाही, मग भांडणं होत नाहीत का रे?"

"होतात की मामा. कुणी शिवीगाळ करतो, कुणी नव्या पोरींना त्रास देतो. म्हणून वागण्याचे नियम लिहिलेले असतात आणि तक्रार ऐकायला समिती असते. एका ठिकाणी तर त्या सगळ्या समितीनंच राजीनामा दिला होता."

"का?"

"वरच्या मंडळींना नियम लागूच करता येईनात म्हणून."

आई आत भाकऱ्या थापत होती. तिला लिनक्स माहीत नाही. तिथूनच म्हणाली, "दुभत्या गाईच्या लाथा गोड, दुसरं काय!"

भाचा हसला. मला मात्र 'राजीनामा' हा शब्द चावत राहिला, कारण या शब्दाला आमच्या सातारा-सांगलीच्या मातीत मोठा इतिहास आहे. तोच आज सांगायचा आहे.

*

आज राजीनामा म्हणजे पद सोडल्याचा कागद. पण मूळ अर्थ तसा नव्हता. राजी म्हणजे कबूल, नामा म्हणजे लेख. शिवकाळात आणि पेशवाईत वाद सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंकडून राजीनामा लिहून घेत. "ही सभा जो निवाडा करील तो आम्हाला मान्य" असा तो कागद. सोबत जामीन द्यावा लागे. मग प्रत्येकानं आपली तकरीर, म्हणजे आपली बाजू, सांगायची. साक्षीपुरावा व्हायचा. सभेत गावचा पाटील, कुलकर्णी, शेटे, बलुतेदार बसायचे. शेवटी महजर लिहिला जायचा आणि त्याखाली सगळ्यांच्या निशाण्या. पाटलाची निशाणी नांगर, बाकीच्यांची आपापल्या हत्याराची. हरलेल्यानं यजितपत्र लिहून द्यायचं, की मी हरलो, पुन्हा हा वाद उकरणार नाही.

यातली एक सोय मला फार शहाणपणाची वाटते. एखाद्याला वाटलं की आपल्या गावची सभा समोरच्याच्या दाबाखाली आहे, पाटील त्याचा पाहुणा आहे, तर तो परस्थळ मागू शकायचा. परस्थळ म्हणजे दुसरी जागा. तिथली माणसं दोघांचीही नात्यागोत्याची नसायची. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसांना हे कळत होतं की न्याय देणारा प्रामाणिक असून भागत नाही, तो ज्या गावात बसतो त्या गावाचाही विचार करावा लागतो.

तो काळ सोन्याचा होता, असं मी म्हणत नाही. पुरावा अडला तर दिव्य करायला लावत. उकळत्या तेलातून धातूचा तुकडा काढायचा, मग हाताची पिशवी बांधून ठेवायची आणि काही दिवसांनी भाजल्याच्या खुणा बघून खरंखोटं ठरवायचं! जातीप्रमाणे माणसाचं वजन बदलायचं. बाईच्या तक्रारीला किती किंमत होती, ते वेगळं सांगायला नको. पण तक्रार ऐकायची एक पद्धत असावी, ती दोघांनी आधी मान्य करावी आणि जागा संशयाची असेल तर जागा बदलावी, एवढं त्या लोकांनी ठरवून ठेवलं होतं.

*

आता त्या पद्धतीची सगळ्यात मोठी परीक्षा.

साताऱ्याच्या जवळ कृष्णा-वेण्णेच्या संगमावर क्षेत्र माहुली आहे. रामशास्त्री प्रभुणे इथले. शिक्षण उशिरा झालं, काशीला जाऊन झालं, आणि पुढं ते पेशव्यांचे मुख्य न्यायाधीश झाले. शाळेत आपण सगळे त्यांचा धडा शिकलो आहोत. पण धड्यात एक गोष्ट नीट लक्षात येत नाही. ती म्हणजे त्यांच्यापुढचा पेच किती अवघड होता.

३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. वय कोवळं, गादीवर येऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. संशय चुलत्यावर, रघुनाथरावावर. आणि तोच रघुनाथराव आता राज्य चालवू लागला. साताऱ्याहून त्याच्यासाठी पेशवाईची वस्त्रंही आली. 'ध' चा 'मा' कुणी केला, ही कथा लोकांनी पुढं रंगवली, तिच्यात मी शिरत नाही. महत्त्वाचं हे, की ज्याच्यावर आरोप, तोच मालक. ज्यानं चौकशी करायची, तो त्याचाच नोकर.

रामशास्त्र्यांनी तरीही चौकशी केली आणि रघुनाथरावाला दोषी धरलं. त्यानं प्रायश्चित्त विचारलं, तेव्हा देहान्त हेच प्रायश्चित्त असं सांगितलं, आणि पुणं सोडून वाईजवळच्या एका गावात जाऊन राहिले. १८१८ नंतर साताऱ्यात कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या ग्रँट डफनं ही हकिकत आपल्या इतिहासात लिहिली आणि तिथून ती सर्वदूर गेली.

आपण या गोष्टीतला बाणेदारपणा लक्षात ठेवला. मला यातली हतबलता जास्त दिसते. त्या वेळच्या सगळ्यात मोठ्या न्यायाधीशानं निकाल दिला आणि त्या निकालाची अंमलबजावणी करणारा कुणीही नव्हता. परस्थळ मागायचं तर कुठं मागणार? पेशव्याच्या वर छत्रपती, आणि त्यांची वस्त्रं तर रघुनाथरावालाच मिळालेली. रामशास्त्र्यांच्या हातात एकच गोष्ट उरली होती. आपलं नाव त्या दरबाराला वापरू द्यायचं नाही. ती त्यांनी केली.

पुढं बारभाईंनी रघुनाथरावाला बाजूला सारलं, एप्रिल १७७४ मध्ये पुरंदरावर सवाई माधवरावाचा जन्म झाला, आणि रामशास्त्री पुन्हा कामावर आले. १७८९ साली वारले. पण नारायणरावाच्या खुनाबद्दल रघुनाथरावाला शिक्षा झाली नाही, ती नाहीच. न्यायाधीशाच्या निर्भयपणाचं कौतुक करताना हेही आठवलं पाहिजे.

*

यानंतर सरळ १९४२ ला येतो. भाच्याच्या ओपन सोर्सच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट आपल्याकडं तेव्हा घडली.

तेव्हा आजचा सांगली जिल्हा नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं सातारा जिल्ह्यात होतं, आणि सांगली शहर पटवर्धनांच्या संस्थानात. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. 'चले जाव'नंतर कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. सप्टेंबर १९४२ मध्ये वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसं मेली. मग कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून प्रतिसरकार उभं राहिलं. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कुंडलचे जी. डी. बापू लाड, किसन वीर, पांडू मास्तर. नावं घ्यावीत तेवढी थोडी. बंगालात तमलुकला असंच जातीय सरकार उभं राहिलं होतं, उत्तर प्रदेशात बलियाला काही दिवस. पण आपलं प्रतिसरकार १९४६ पर्यंत टिकलं.

आता याच्याकडं एक संघटना म्हणून बघा. पगार नाही. कार्यालय नाही. नोंदणी नाही. वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे गट, प्रत्येक गट आपल्या भागात बराचसा स्वतंत्र. कोण आला, कोण गेला, याचा हजेरीपट नाही. कुणीही उठून सांगावं की मी नाना पाटलांचा माणूस, आणि समोरच्याला पटावं. भाच्यानं ऐकलं तेव्हा म्हणाला, "मामा, हे तर आमच्यासारखंच आहे. फक्त आमच्यामागं पोलीस नाहीत."

आणि नेमकी इथंच अडचण आली. चळवळीच्या नावाखाली दरोडेखोर गावं लुटायला लागले. खरा कोण, खोटा कोण, गावाला कळेना. प्रतिसरकारच्या सुरुवातीच्या कामातलं मोठं काम या दरोडेखोरांचा बंदोबस्त हे होतं. इंग्रजांशी लढायला निघालेल्या माणसांना आधी आपल्या नावाचा गैरवापर करणाऱ्यांशी लढावं लागलं.

मग गावोगावी न्यायदान मंडळं उभी राहिली. गावातले पंच बसायचे. जमिनीचे वाद, सावकाराचं कर्ज, नवऱ्यानं टाकलेली बाई, दारू पिऊन मारहाण, असे तंटे त्यांच्यापुढं यायचे. निवाडा गावासमोर व्हायचा. वकील नाही, स्टॅम्प नाही, तारखा नाहीत. मामलेदार कचेरीत वर्षानुवर्षं खेटे घातलेल्या शेतकऱ्याला याचं केवढं अप्रूप वाटलं असेल! दंड व्हायचा, मार बसायचा. पायाच्या तळव्यावर मार देण्याची शिक्षा एवढी गाजली, की प्रतिसरकारला लोक 'पत्री सरकार' म्हणायला लागले. घोड्याला नाल ठोकतात तशी पत्री ठोकायचे, अशा कहाण्या अजून आमच्याकडं पारावर ऐकायला मिळतात.

आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांकडून आठवणी ऐकल्या, की एक गोष्ट परत परत येते. बाईच्या अब्रूला हात घालणाऱ्याची गय नाही, मग तो कुणी का असेना. या आठवणींत थोडा मोठेपणा मिसळलेला असणार, हे मी धरून चालतो. पण असा दरारा का ठेवावा लागला असेल, याचा विचार केला तर उत्तर साधं आहे. भूमिगत कार्यकर्त्याची भाकरी गावातली होती. रात्री झोपायला वस्ती गावातली. पोलीस आले की उसात लपवणारा गडी गावातला, आणि निरोप पोचवणारी बाईसुद्धा गावातली. त्या बाईला एका कार्यकर्त्यानं त्रास दिला आणि नेत्यांनी कानाडोळा केला, तर दुसऱ्या रात्री त्या गावात दार उघडलं नसतं. तक्रार करणाऱ्याच्या हातात खरी ताकद होती. चळवळीला त्याची गरज होती आणि चळवळीला ते माहीत होतं.

हे नीट लक्षात घ्या, कारण माझ्या मते सगळा इतिहास या एका वाक्यात आहे. तक्रार ऐकली जाते ती तक्रारदाराची गरज असते तेव्हा. आणि दाबली जाते ती आरोपीची गरज जास्त असते तेव्हा. आईची म्हण हेच सांगते.

प्रतिसरकारची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट म्हणजे जयंतीचं भाषण होईल. तिथं पकडणारा, चौकशी करणारा, निकाल देणारा आणि मारणारा गट एकच होता. वर दाद मागायची सोय नव्हती. फितूर ठरवून ज्यांना शिक्षा झाल्या, त्यांतला एखादा निर्दोष असेल तर त्यानं जायचं कुठं? भूमिगत कामात कागद ठेवणं म्हणजे पुरावा ठेवणं, त्यामुळं नोंदी तोकड्या. आणि तक्रार गटाच्या नायकावरच असेल तर? तो माणूस मनानं मोठा असेल तर न्याय, नाहीतर गप्प. आपलं नशीब असं, की त्या पिढीत बरीच मोठी माणसं होती. पण नशिबावर संस्था चालत नाहीत.

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली, नाना पाटील लोकांसमोर आले. न्यायदान मंडळं संपली. लोक पुन्हा मामलेदार कचेरीत आणि कोर्टात खेटे घालायला लागले.

*

'आपल्या माणसांचा न्याय आपणच करायचा' याचं सगळ्यात वाईट रूप म्हणजे जातपंचायत. तिथंही तक्रार ऐकतात, पंच बसतात, निकाल लगेच लागतो. पण पंचांना प्रश्न विचारायचा नाही, बाहेर दाद मागायची नाही, मागितली तर वाळीत. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी २०१३ च्या उन्हाळ्यानंतर जातपंचायतींविरुद्धची मोहीम हातात घेतली. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला. मोहीम थांबली नाही. २०१६ मध्ये विधिमंडळानं सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा मंजूर केला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. असा स्वतंत्र कायदा करणारं महाराष्ट्र देशात पहिलं.

न्यायदान मंडळ आणि जातपंचायत, दोन्हीकडं पंचच बसतात. मग फरक कशात? मला वाटतं, बाहेर जायचं दार उघडं आहे की बंद, यात.

*

आता परत भाच्याच्या जगात. तिथं हे सगळं गेल्या दहा-पंधरा वर्षांत नव्यानं घडतंय, आणि गंमत म्हणजे त्याच क्रमानं घडतंय.

लिनक्स १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं सुरू केलं. माणूस अफाट हुशार. पण ईमेलवर समोरच्याची सालटी काढायचा. लोक म्हणायचे, स्वभाव आहे, कामाचा माणूस आहे, सांभाळून घ्या. बरीच वर्षं असंच चाललं. किती चांगली माणसं शिव्या खाऊन निमूट निघून गेली, त्याची मोजदाद कोण ठेवणार? सोडून जाणारा बिनपगारी माणूस निरोप समारंभ मागत नाही. सप्टेंबर २०१८ मध्ये टोरवाल्ड्सनं स्वतःच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, काही दिवस रजा घेतली, आणि त्याच वेळी लिनक्सनं वागणुकीची नवी लिखित नियमावली घेतली. तक्रार कुठं करायची आणि ती कोण बघणार, हे ठरलं. आता तिथली समिती ठरावीक काळानं सांगते की एवढ्या तक्रारी आल्या, अशा प्रकारच्या होत्या, त्यांचं असं केलं. तक्रारदाराचं नाव नाही, पण हिशेब आहे.

नोव्हेंबर २०२४ मध्ये तर एका मोठ्या कामाच्या डेव्हलपरला सहकाऱ्याशी केलेल्या अपमानास्पद भाषेबद्दल त्याच समितीनं एका आवृत्तीपुरतं बाहेर ठेवायला लावलं. त्याचं काम तेवढा काळ स्वीकारलं गेलं नाही. दुभत्या गाईला दावणीला बांधलं म्हणायचं! यावरून तिथं दोन तट पडले, ते वेगळं.

दुसरी गोष्ट रस्ट नावाच्या प्रोग्रॅमिंग भाषेची, जी भाचा सांगत होता. या भाषेनं सुरुवातीपासून चांगल्या वागणुकीचे नियम केले, त्याचा त्यांना अभिमान होता. ते नियम सांभाळणारी एक समिती होती. २२ नोव्हेंबर २०२१ ला ती समिती एका दमात पायउतार झाली. कारण जाहीर सांगितलं: सगळ्यात वरची मध्यवर्ती समिती स्वतःशिवाय कुणालाही जबाबदार राहिलेली नाही, त्यामुळं नियम लागू करणं आम्हाला शक्य नाही. नेमकं प्रकरण काय होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यात गुंतलेल्या माणसांची नावं चव्हाट्यावर येतील म्हणून.

मी भाच्याला म्हटलं, "अरे, हे तर आमच्या रामशास्त्र्यांनी केलं." तो म्हणाला, "पण मामा, इथं पुढं काहीतरी झालं." ते त्याचं खरं आहे. रस्टवाल्यांनी दीड वर्ष खपून कारभाराची नवी घडी बसवली. जून २०२३ मध्ये जुनी मध्यवर्ती समिती जाऊन वेगवेगळ्या गटांच्या प्रतिनिधींची परिषद आली. परिषदेतल्या माणसावरच तक्रार आली तर काय करायचं, आणि तक्रारी बघणाऱ्यांचं काम कुणी तपासायचं, हेही लिहून ठेवलं. म्हणजे त्यांनी परस्थळ शोधलं. माहुलीच्या शास्त्रीबुवांना जे मिळालं नव्हतं, ते.

*

आता माझ्यावर येतो.

वीसेक वर्षं झाली. मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागलो होतो. नाव सांगत नाही. माझ्यासोबत शिकलेली एक मुलगीही तिथं शिकाऊ म्हणून आली. कार्यालयाचे प्रमुख जाहिराती आणण्यात वाघ होते. जिल्ह्यातले साखर कारखाने, पतसंस्था, शाळा, सगळीकडं त्यांचं वजन. दिवाळी अंक एकट्यानं भरायचे.

एक दिवस एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये चहा पिताना तिनं मला सांगितलं की सर संध्याकाळी सगळे गेल्यावर थांबवून घेतात, नको ते बोलतात, हात लावतात. मी घाबरलो. मग शहाणपणा सुचला, म्हटलं, "मुख्य कार्यालयाला पत्र लिही." तिनं लिहिलं.

त्या काळी आमच्याकडून मुख्य कार्यालयात जाणारं सगळं एकाच पाकिटातून जायचं. फोटो, जाहिरातींचे मजकूर, बिलं, पत्रं. रात्रीच्या एसटीनं. आणि ते पाकीट रोज संध्याकाळी प्रमुख स्वतः बंद करायचे.

हे मला माहीत होतं. रोज डोळ्यांसमोर बघत होतो. तरी मला ते सुचलं नाही, की सुचूनही मी बोललो नाही, हे आज मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ते पत्र फोडलेलं होतं. विचारलं, "तुला यातलं काही माहीत होतं?" मी म्हटलं, "नाही सर."

ती मुलगी नंतर आली नाही. मी तिथं आणखी तीन वर्षं होतो.

रामशास्त्र्यांवर लिहिताना, नाना पाटलांवर पुरवणी काढताना मला ते पाकीट आठवतं. आपण इतिहासातल्या निर्भय माणसांची जयंती करतो आणि आपल्या टेबलावरचं पाकीट कोण बंद करतो, ते बघत नाही.

*

१९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल आला होता, म्हणजे त्या वेळी मार्गदर्शक तत्त्वं अस्तित्वात होती. आमच्या कार्यालयात ती कुणी ऐकलीही नव्हती, मीसुद्धा. २०१३ मध्ये कायदा झाला. त्यातल्या काही गोष्टी तालुक्याच्या गावात कुणी सांगत नाही, म्हणून इथं लिहितो.

जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात, तिथं अंतर्गत समिती नेमावीच लागते. तिची अध्यक्ष महिला, आणि एक सदस्य बाहेरचा.

दहापेक्षा कमी माणसं असतील, किंवा तक्रार खुद्द मालकावरच असेल, तर प्रत्येक जिल्ह्यात एक स्थानिक समिती असायला हवी. तक्रार तिच्याकडं करायची. तुमच्या कार्यालयातल्या कुणाच्याही टेबलावरून ती जायची गरज नाही. परस्थळ ते हेच.

पगार नसला तरी चालतं. या कायद्यात स्वेच्छेनं, बिनपगारी काम करणारी बाईही कर्मचारी धरली जाते. म्हणजे सामाजिक संस्थेतली कार्यकर्ती, ट्रस्टच्या कामाला येणारी मुलगी, शिकाऊ पत्रकार, सगळ्या आल्या.

तक्रार लेखी, घटनेपासून तीन महिन्यांत. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी ९० दिवसांत संपली पाहिजे. नावं गुप्त ठेवायची.

हा कायदा फक्त बाईच्या लैंगिक छळापुरता आहे. पैशाची अफरातफर, जातीवरून टोमणे, नव्या पोरांना राबवून घेणं, यासाठी वेगळे रस्ते आहेत किंवा रस्तेच नाहीत. आमच्याकडं गणेश मंडळं आहेत, तालमी आहेत, वाचनालयं, नाट्यसंस्था, गिर्यारोहण ग्रुप, ढोल पथकं, पुरात बोटी घेऊन धावणारी पोरं आहेत. २०१९ च्या महापुरात सांगलीनं या बिनपगारी माणसांच्या जिवावर दिवस काढले. याच संस्थांमध्ये दुभत्या गाई असतात. वर्गणी आणणारा, ओळखी असणारा, रात्रंदिवस राबणारा. त्याच्याबद्दल कुणी काही बोललं की आपणच म्हणतो, "जाऊ दे, कामाचा माणूस आहे."

मोठी नियमावली नको. फळ्यावर तीन ओळी लिहा. तक्रार कुणाला सांगायची. त्याच्यावरच तक्रार असेल तर मग कुणाला, आणि हा दुसरा माणूस आपल्या मंडळाबाहेरचा हवा. आणि किती दिवसांत उत्तर मिळणार. माहुलीच्या न्यायाधीशाला, कुंडल-वाळव्याच्या भूमिगतांना आणि अमेरिका-युरोपातल्या सॉफ्टवेअरवाल्यांना जे अडलं, ते या तीन ओळींतल्या मधल्या ओळीवर अडलं.

पुढच्या महिन्यात आमच्या तालुक्यातल्या पत्रकारांची बैठक आहे. मी हा विषय लेखी दिला आहे. विषयपत्रिकेत तो शेवटून दुसरा आला आहे, 'वेळ उरल्यास' असं लिहून. जेवणाआधी घ्या म्हणून फोन केलाय. बघू.